‘तो पक्षपाती आहे’ म्हटलं की वाद संपतो का?

शून्यशेष

हल्ली चर्चेत मुद्द्याला उत्तर द्यायची गरजच उरलेली नाही. समोरच्याने दुवा दिला की "हे चॅनल विकलं गेलंय", "हा तर त्यांचाच माणूस", "या संस्थेला पैसे कोण पुरवतं ते बघा", एवढं टाकायचं आणि पुढच्या धाग्यावर निघून जायचं. माझं म्हणणं असं की यातलं प्रत्येक वाक्य खरं असू शकतं आणि तरीही त्याने काहीच सिद्ध होत नाही. कल ओळखला की कुठे जास्त बारकाईने बघायचं ते कळतं. पण बघावं लागतंच.

शिवाय ‘पक्षपाती’ या एका शिक्क्याखाली आपण फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाचं उदाहरण घ्या. १९१६ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीचा त्यांचा अंदाज खरा ठरला होता. १९३६ साली त्यांनी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि त्यातल्या २३ लाखांवर भरून परत आल्या. एवढा मोठा कौल आजही सहसा कोणी घेत नाही. निष्कर्ष निघाला की आव्हान देणारे उमेदवार अल्फ्रेड लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी मात्र सुमारे ५० हजारांच्या नमुन्यावर रूझवेल्ट येणार हे आधीच सांगितलं होतं.

चूक कुठे झाली? पत्ते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदींतून घेतले होते. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे असणार हे उघड आहे. बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात. पण नंतरच्या विश्लेषणातून असं दिसलं की त्याहून मोठी गडबड परत न आलेल्या पत्रिकांमध्ये होती. रूझवेल्टवर नाराज असलेले लोक हिरिरीने पत्रिका भरून पाठवत होते, बाकीचे तेवढ्या प्रमाणात पाठवत नव्हते. म्हणजे या गोष्टीत लबाड कोणीच नाही. मालक कोण, जाहिराती कोणाच्या, संपादक कुठल्या पक्षाचा, हे कितीही खणलं असतं तरी ही चूक सापडली नसती.

दुसरं टोक म्हणजे डोळ्यांसमोरचीच गोष्ट वेगळी दिसणं. १९५१ मध्ये डार्टमथ आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. तो बराच हाणामारीचा होता. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी नंतर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या निम्मेही डार्टमथच्या मुलांना दिसले नाहीत. फिल्म तीच होती, आणि कोणी खोटं बोलत होतं असंही नाही.

तर प्रश्न असा: माणसाचा किंवा माहितीच्या स्रोताचा कल तुम्ही कसा ओळखता? आणि ओळखल्यावर त्या माहितीचं काय करता?

निळीशाई

बरीच वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काढली आहेत, त्यामुळे तेवढ्यापुरतं बोलते.

लोक कल शोधायला अग्रलेख वाचतात. अग्रलेखात मत असतंच, ते उघड छापलेलं असतं, त्याची भीती नाही. साधी बातमी घ्या आणि क्रियापदांवर बोट ठेवत जा. एक जण "म्हणाला", दुसऱ्याने "दावा केला", तिसऱ्याने "कबूल केलं". तिघेही बोललेच आहेत, पण वाचकाने कोणावर विश्वास ठेवायचा हे ठरवून झालं. मग कर्ता शोधा. "गोळीबार झाला" आणि "त्यांनी गोळीबार केला" यातलं कुठलं वाक्य कोणाच्या बाबतीत येतं, हे महिनाभर बघितलंत तर वर्तमानपत्राचा कल आपोआप समजतो. "सूत्रांच्या माहितीनुसार" दिसलं की ही माहिती बाहेर येण्यात कोणाचा फायदा आहे ते स्वतःला विचारा. सूत्र बहुधा तिथेच बसलेलं असतं.

आकड्यांचं तसंच. दहा हजारांत एकाला होणारा आजार दोघांना झाला तर "धोका दुप्पट" हेही खरं आणि "दहा हजारांत एक रुग्ण वाढला" हेही खरं. कुठलं मथळ्यात गेलं ते बघा. आलेख कुठल्या वर्षापासून सुरू केलाय तेही बघा. सर्वात वाईट वर्षापासून सुरू केलं की कुठलीही रेघ चढतीच दिसते.

पण एक बाजू बाहेरच्यांना माहीत नसते. बऱ्याचदा कल वगैरे काही नसतो, पान छपाईला सोडायची वेळ झालेली असते. अशा वेळी जो फोन उचलतो त्याची बाजू छापून येते. ज्याच्याकडे जनसंपर्क विभाग आहे तो पहिल्या रिंगला उचलतो, तयार निवेदन पाठवतो. ज्याच्यावर अन्याय झालाय तो कामावर असतो किंवा बोलायला घाबरतो. असं वर्षानुवर्षं झालं की पेपर एका बाजूला झुकतो, आणि कोणीही तसं ठरवलेलं नसतं.

आणि जे छापलंच नाही ते? आरोपाची बातमी पहिल्या पानावर आणि निर्दोष सुटल्याची आत एका कोपऱ्यात. तो कल एक अंक वाचून कधीच कळणार नाही.

मोजपट्टी

धागा चांगला, पण शून्यशेष हितसंबंधांना फार सवलत देताहेत. पैसा आला की मी सरळ शंका घेतो, आणि त्याला आधार आहे.

एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नैराश्यावरच्या औषधांच्या चाचण्यांचा हिशोब मांडला. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंद असलेल्या ७४ चाचण्या. नियामकाच्या मते त्यातल्या ३८ औषधाच्या बाजूने होत्या, त्यातल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ विरुद्ध किंवा संदिग्ध. त्यातल्या २२ छापल्याच गेल्या नाहीत, ११ अशा मांडल्या गेल्या की निकाल अनुकूल वाटावा, आणि जशाच्या तशा आल्या फक्त ३. म्हणजे प्रामाणिक डॉक्टरने सगळं छापील साहित्य वाचून काढलं तर त्याला ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसणार, नियामकाच्या कपाटात मात्र ५१ टक्के.

आता सांगा, यातला एकेक शोधनिबंध घेऊन "मुद्द्याला मुद्द्याने उत्तर" कसं देणार? त्या ३७ पेपरांत खोटं काहीच नाही. बनवाबनवी पूर्ण संचाची आहे.

शून्यशेष

मोजपट्टी, उदाहरण जबरदस्त आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. टर्नर यांनी "कंपन्यांचे पैसे आहेत, सोडून द्या" असं म्हटलं नाही. ते नियामकाच्या नोंदी उघडून बसले आणि जुळवत गेले. हितसंबंधाने कुठे खणायचं ते सांगितलं, खणावं लागलंच. बरं, खणल्यावर औषधं निरुपयोगी आहेत असंही निघालं नाही. छापील साहित्यात परिणाम फुगलेला दिसत होता एवढंच निघालं. नुसता शिक्का मारणाऱ्याला हा फरक कधीच कळला नसता.

उलट बाजूने रोनाल्ड फिशर बघा. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं नाही, असं ते १९५० च्या दशकात हिरिरीने मांडत होते. स्वतः पाइप ओढायचे आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते. शिक्का मारायला आणखी काय हवं! पण त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. ज्या जनुकामुळे माणसाला सिगारेट ओढावीशी वाटते त्याच जनुकामुळे कर्करोगही होत असेल, असा तो होता. "तुम्ही विकले गेलात" हे त्याचं उत्तर नव्हे.

उत्तर जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दिलं. धोका न ओढणाऱ्यांच्या ९ पट असेल आणि तो पूर्णपणे कुठल्या तिसऱ्याच गोष्टीमुळे असेल, तर ती तिसरी गोष्ट ओढणाऱ्यांमध्ये निदान ९ पट जास्त प्रमाणात आढळली पाहिजे. अशी गोष्ट दाखवा, म्हणाले. कोणालाच दाखवता आली नाही. हे गणित आजही वापरात आहे, कारण ते फिशर नावाच्या माणसाविरुद्ध नव्हतं, मुद्द्याविरुद्ध होतं.

उंबरठा

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. शास्त्र संपलं :)

गंमत सोडा. १९८५ चा व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांचा प्रयोग इथे यायलाच हवा. लेबनॉनमधल्या बैरुत इथे १९८२ मध्ये झालेल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. इस्रायलच्या बाजूच्यांना त्या इस्रायलविरोधी वाटल्या, अरबांच्या बाजूच्यांना अरबविरोधी. चित्रफिती त्याच. त्यामुळे "मला ही बातमी एकतर्फी वाटते" हे वाक्य बातमीबद्दल किती आणि माझ्याबद्दल किती, हे नुसतं वाटण्यावरून ठरत नाही.

आणि याचा उलटा गैरवापर संपादक करतात. "दोन्ही बाजू आम्हाला शिव्या घालतात, म्हणजे आम्ही बरोबर मध्यावर!" छे. दोन्हीकडून शिव्या पडणं फक्त एवढंच सांगतं की दोन्हीकडे चिडलेली माणसं आहेत. निळीशाई, राग मानू नका.

निळीशाई

राग कसला, हे वाक्य मीटिंगमध्ये कित्येकदा ऐकलंय. बोलणाऱ्याचा चेहरा अगदी समाधानी असतो.

आडमुठा

हे सगळे प्रयोग पाठ करून उपयोग काय? मानसशास्त्रातले निम्मे प्रयोग पुन्हा केले की कोसळतात. मध्यंतरी प्रत्येक जण सांगत होता की लोकांना तथ्यं दाखवली तर ते उलट जास्तच हट्टाला पेटतात. नंतर कळलं की तसं काही नाही.

शून्यशेष

निम्म्यांचं काय ते मोजावं लागेल, पण हे उदाहरण खरं आहे. २०१० मध्ये नायहन आणि रायफलर यांच्या प्रयोगात काही जणांचा चुकीचा समज दुरुस्तीनंतर आणखी घट्ट झालेला दिसला. मग वूड आणि पोर्टर यांनी २०१९ मध्ये ५२ विषय घेऊन तपासलं, तर तो उलटा परिणाम जवळपास दिसलाच नाही. लोक साधारणपणे तथ्याच्या दिशेने थोडे सरकतात. पहिला प्रयोग इतका पसरला का, हा जास्त मजेशीर प्रश्न आहे. मला वाटतं "समोरचे लोक समजावण्यापलीकडे आहेत" हे ऐकायला आपल्याला आवडतं, म्हणून.

क्षकिरण

पहिल्यांदाच लिहितोय. मी रेडिओलॉजिस्ट आहे. आमच्याकडे फिल्मसोबत पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी येते, ‘न्यूमोनियाची शंका’ वगैरे. ती आधी वाचली की फिल्ममध्ये न्यूमोनिया दिसायला लागतो. वाचलीच नाही तर काहीतरी महत्त्वाचं निसटण्याची भीती. त्यामुळे मी आधी फिल्म बघतो, जे दिसेल ते लिहून ठेवतो, मग चिठ्ठी वाचतो आणि पुन्हा फिल्मकडे येतो. मत बदललं तर ते कशाने बदललं हे निदान मला कळतं. सगळे सहकारी असं करत नाहीत, आणि घाईच्या दिवशी हे पाळणं सोपं नसतं.

बोटांच्या ठशांच्या तज्ज्ञांवर इटिएल ड्रोर यांनी २००६ मध्ये छापलेला प्रयोग आमच्यासारख्यांनी भिंतीवर लावावा असा आहे. पाच अनुभवी तज्ज्ञ. प्रत्येकाला त्याने स्वतःच काही वर्षांपूर्वी ‘जुळतात’ म्हटलेले ठसे पुन्हा दिले, पण सोबत सांगितलं की ही एका गाजलेल्या प्रकरणातली चुकीची जुळणी आहे. एकटा आपल्या मतावर ठाम राहिला. तिघे म्हणाले जुळत नाहीत, एक म्हणाला सांगता येत नाही. नमुना छोटा आहे हे आडमुठा यांनी म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पण इथे पैसा नाही, पक्ष नाही, द्वेष नाही, आणि ठसेही तेच आहेत. फक्त एक वाक्य आधी कानावर पडलं.

म्हणून "मी निःपक्षपातीपणे बघतो" असं कोणी म्हणालं की मी विचारतो, बघण्याआधी तुम्हाला काय काय माहीत होतं?

आडमुठा

हा प्रतिसाद पटला. नमुन्याबद्दल बोलत नाही, जा.

केतकीचं_पान

मी आतापर्यंत नुसती वाचत होते. तुम्ही सगळे संस्था, पेपर, प्रयोग यांबद्दल बोलताय. माझी अडचण घरातली आहे. माझे मामा अतिशय हुशार, अभ्यासू. पण एका विषयावर काहीही दाखवा, त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. बाजूचा अभ्यास आला की "बघ, मी म्हणत होतो", विरुद्ध आला की त्यातले दहा दोष. दोष खरे असतात हो! म्हणूनच वाद घालता येत नाही.

उंबरठा

केतकी, हुशारीमुळेच ते होतं. दोष शोधायची ताकद सगळ्या अभ्यासांवर सारखी चालत नाही, नावडत्या निकालावर जास्त चालते.

१९७९ मध्ये लॉर्ड, रॉस आणि लेपर यांनी फाशीच्या शिक्षेच्या समर्थकांना आणि विरोधकांना दोन अभ्यास वाचायला दिले. एक म्हणतो फाशीमुळे खून कमी होतात, दुसरा म्हणतो होत नाहीत. दोन्ही गटांना आपल्या बाजूचा अभ्यास भक्कम वाटला, दुसरा लेचापेचा. पुढचा भाग कमी लोकांना माहीत आहे आणि तुमच्या कामाचा तोच आहे. १९८४ मध्ये लॉर्ड, लेपर आणि प्रेस्टन यांनी काही जणांना आधीच सांगितलं की अगदी न्यायाधीशासारखं निःपक्षपाती राहा. फारसा फरक पडला नाही, कारण प्रत्येकाला आपण तसेच आहोत असं वाटतच होतं. दुसऱ्या गटाला वेगळी सूचना दिली: याच पद्धतीने केलेल्या अभ्यासाचा निकाल उलटा आला असता, तरी तुम्ही त्याला असंच तोललं असतं का, हे प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारा. तिथे फरक पडला.

तेव्हा मामांना "तुम्ही एकतर्फी आहात" म्हणू नका. त्यांच्या आवडीचा अभ्यास घ्या आणि म्हणा, "मामा, हाच नमुना, हीच पद्धत, पण निकाल उलटा असता तर तुम्ही यात काय काय दोष काढले असते?" हुशार आहेत ना, भराभर काढतील. पुढचं त्यांच्यावर सोडा. लगेच "बघा!" असं मात्र म्हणायचं नाही.

केतकीचं_पान

"बघा" न म्हणणं हेच कठीण आहे. प्रयत्न करते, धन्यवाद.

तिसरीघंटा

अनोळखी संकेतस्थळांबद्दल थोडं. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की पान नीट वाचा, ‘आमच्याविषयी’ वाचा, भाषा संयत आहे का बघा. वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी स्टॅनफर्डमधून २०१७ च्या सुमारास इतिहासाचे प्राध्यापक, पदवीचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना एकेका पानाची विश्वासार्हता ठरवायला दिली. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्या पानावरच रेंगाळले, लोगो आणि नीटनेटकी मांडणी बघून फसले. तथ्यतपासनीस मात्र जवळजवळ लगेच पान सोडून बाहेर पडले, नव्या टॅब उघडल्या आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते शोधलं.

त्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संघटना होत्या. नावं इतकी सारखी की कोणीही गोंधळेल. एक हजारो सदस्यांची जुनी व्यावसायिक संघटना, दुसरी तिच्यातून समलिंगी पालकांच्या मुद्द्यावर फुटून निघालेला छोटा गट. हे पानावर कुठेच लिहिलेलं नसतं, बाहेर पडल्यावर मिनिटभरात कळतं. आपण कोण आहोत हे सांगायचं काम आपण त्याच पानावर सोपवतो, हा वेडेपणाच आहे.

शून्यशेष यांच्या मुद्द्याला हे थोडं छेद देतं. प्रत्येक युक्तिवाद खणत बसायला आयुष्य पुरणार नाही. आधी कोण बोलतंय हे बघून चाळणी लावावीच लागते.

शून्यशेष

चाळणी लावायला माझी हरकत नाही. काय वाचायचं हे ठरवायला ती वापरा. ‘हे खोटं आहे’ असं जाहीर करायला तीच पुरावा म्हणून वापरू नका.

आडमुठा

आता एक खडा टाकतो. वरची उदाहरणं पुन्हा वाचा. औषध कंपन्या, तंबाखू कंपन्या. प्रस्थापितांचा हितसंबंध सगळ्यांना चटकन दिसतो. प्रस्थापितांविरुद्ध एकटा लढणारा असला की त्याच्या खिशात कोणी हात घालत नाही. या धाग्याचाही कल आहेच की.

मोजपट्टी

खडा नेमका बसला, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण माझ्या क्षेत्रातलंच आहे. अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८ चा ‘लॅन्सेट’मधला पेपर. १२ मुलं, आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध असावा असा सूर. कंपन्यांशी लढणारा एकटा डॉक्टर अशी प्रतिमा झाली. त्यांना लसउत्पादकांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलामार्फत पैसे मिळत होते, हे पत्रकार ब्रायन डीअर यांनी २००४ पासून बाहेर काढलं.

मग समर्थकांनी काय केलं? अर्थातच डीअर यांनाच विकलेला ठरवलं. दोन्हीकडून शिक्के तयार. नुसत्या हितसंबंधांवर वाद चालला असता तर आजही चालूच राहिला असता. पण २०११ मध्ये डीअर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्या १२ मुलांच्या वैद्यकीय नोंदी आणि पेपरातली वर्णनं समोरासमोर ठेवली. काही मुलांची लक्षणं लशीच्या आधीपासूनची होती, पेपरात ती नंतरची झाली होती. ‘लॅन्सेट’ने पेपर २०१० मध्येच मागे घेतला होता.

डीअर यांचा स्वतःचा कल काय होता, मला माहीत नाही. नोंदींमधल्या तारखा तपासायला तो माहीत असायची गरज पडली नाही. तेव्हा शून्यशेष, तुमचा मुद्दा मान्य. पण पैसा दिसला की मी शंका घेणारच, फक्त आता दोन्ही खिसे बघेन.